पन्नाशीनंतर उतरवलेले वजन टिकवायचे कसे?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. वय ५५, उंची १५५ सेंटिमीटर, सध्याचे वजन ७१ किलो. पाळी थांबून काही वर्षे झाली आहेत. थायरॉइडची तपासणी गेल्या वर्षी केली, ती व्यवस्थित आली. उपाशीपोटीची साखर मात्र काठावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे.

वजन उतरवायचे कसे, हा माझा प्रश्न नाही, कारण ते मला जमते. कधी भात-पोळी पूर्ण बंद करून, कधी रात्रीच्या जेवणाऐवजी डब्यातली पावडर दुधातून घेऊन, तर अलीकडे दोनच वेळा जेवून मी दर वेळी सात-आठ किलो कमी केले आहेत. ब्लाउजांना टीप मारून घ्यावी लागली, नातेवाइकांनी कौतुक केले, आणि दीड-दोन वर्षांत सगळे वजन परत आले. वर एखाद-दुसरा किलो जास्तच. म्हणून विचारायचे आहे ते एवढेच, की या वयात उतरवलेले वजन पुढची दहा-वीस वर्षे टिकवायचे असेल तर नेमके काय वेगळे करावे लागते?

माझी परिस्थितीही सांगून ठेवते. वयाबरोबर चयापचय मंदावते, त्यामुळे आता काही उपयोग नाही, असे मैत्रिणी म्हणतात. मी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर पाऊण तास चालते, तरी काटा हलत नाही, आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. मिस्टरांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे वजन उलट घटत चालले आहे. सोमवार-गुरुवार माझे उपवास असतात, रविवारी घरात मटण असते. स्वयंपाक सगळ्यांचा एकच होतो. स्वतःपुरते वेगळे शिजवणे मला कायमचे जमणार नाही, हे गृहीत धरून सल्ला द्यावा.

पुनर्तपासणी

मी फिजिशियन आहे, आणि तुमच्यासारख्या व्यक्ती माझ्याकडे जवळजवळ रोज येतात. मैत्रिणींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींचा, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजचा ऊर्जाखर्च मोजलेला होता. शरीराचा आकार आणि चरबी सोडून उरणारे वजन हिशेबात धरल्यावर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्याने उतरत जातो, असे त्यात दिसले. रजोनिवृत्तीच्या सुमारास तो एकाएकी कोसळतो, असे काही आढळले नाही. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी तुमच्या पेशी आळशी झालेल्या नाहीत. चाळिशीनंतर हळूहळू स्नायू घटतात, दिवसभरातली हालचाल कळत-नकळत कमी होते, झोप तुटक होते आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरल्यामुळे चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाकडे साठू लागते. यांपैकी शेवटच्या गोष्टीवर आपले फारसे चालत नाही. बाकीच्यांवर बऱ्यापैकी चालते.

वजन परत का येते, हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक लोक त्याचा दोष स्वतःच्या जिभेला देतात. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींच्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन चांगलेच उतरले. परंतु भूक वाढवणारे ग्रेलिन आणि तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन यांसारखी संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्वीच्या पातळीवर परतलेली नव्हती, आणि त्यांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. अमेरिकेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा गणिती अंदाज मांडला आहे. उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आठ किलो उतरवल्यावर तुमचा खर्च दोनशे कॅलरींच्या आसपास घटलेला असतो आणि भूक मात्र आठशे जास्त मागत असते. अशा वेळी ‘आता झाले’ असे समजून जुन्या ताटावर परतले, तर वजन परत येणे हा निव्वळ हिशेब आहे, त्यात चारित्र्याचा संबंध नाही.

त्यातून असे निघते, की उतरवणे आणि टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामाला शेवटची तारीख नसते. शिवाय दर वेळी घाईने उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि परत येताना, विशेषतः व्यायामाशिवाय, प्रामुख्याने चरबी येते. काट्यावर आकडा जुनाच दिसतो; आतली वाटणी मात्र बिघडलेली असते.

आपल्याकडे या वाटणीला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. भारतीय शरीर सडपातळ दिसूनही आतून चरबीयुक्त असते, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा २३ मानली जाते आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुमचा बीएमआय साडेएकोणतीसच्या आसपास येतो. तरीही मी तुम्हाला २३ चे उद्दिष्ट देणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो. ते सहा महिने टिकले तर पुढचे पाहू. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्याच उद्दिष्टांवर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीच्या पुढच्या लोकांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. भारतातही २००६ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी उतरले, आणि तेही सरासरी वजन फारसे न घटता. तुमची साखर काठावर आहे, त्यामुळे काटा हलला नाही म्हणून चालणे फुकट गेले, असे कृपया समजू नका.

काट्यापेक्षा टेप हाती घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप त्वचेत न रुतवता घेर मोजा. परकराची नाडी जिथे बांधतो तिथे नव्हे, कारण ती जागा बहुधा खाली असते आणि आकडा फसवा येतो. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

तुमच्या मिस्टरांबाबत एक सावधगिरी. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखे औषध असेल, तर घरातले जेवण एकदम कमी झाल्यास किंवा एखादे जेवण टाळल्यास त्यांची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ताटात बदल करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

पायवाट

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहेच. मी ६३ वर्षांचा आहे, नाशिकला राहतो, उतरवलेले वजन बरीच वर्षे टिकवून आहे, म्हणून घरातल्या बाजूने लिहितो. मी एक नियम पाळतो: जे पाच वर्षांनी करत असेन असे वाटत नाही, ते आजही सुरू करायचे नाही. भात कायमचा सोडणार नसाल, तर सहा आठवड्यांसाठीही सोडू नका, निम्मा करा.

एकच स्वयंपाक होतो ही तुमची अडचण मला सोयीची वाटते, कारण सगळ्यांत मोठी बचत भांड्यात होते, ताटात नव्हे. तेलाचा हिशेब करून पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलातून होतात. तेच तीन लिटरवर आणले तर माणशी २३ ग्रॅम आणि २०५ कॅलरी. दिवसाला माणशी १३५ कॅलरी वाचल्या आणि कोणाची पोळीसुद्धा कमी झाली नाही. आम्ही एवढेच केले, की बरणीतून थेट कढईत ओतणे बंद केले. महिन्याचे तेल एकदम आणतो, त्यातले आठवड्याचे वेगळ्या बाटलीत काढतो आणि फोडणीला चमचा वापरतो. पहिला महिना भाज्या कोरड्या वाटल्या, मग जिभेला सवय झाली. कोल्हापुरी रश्श्यावरचा तवंग तुम्हाला सोडवणार नाही हे मी जाणून आहे. तो रविवारसाठी राखून ठेवा आणि सोमवार ते शनिवार चमच्याने मोजा.

दुसरी जागा म्हणजे संध्याकाळी पाचचा चहा. शाळेतून किंवा कचेरीतून आल्यावर डबा उघडला जातो आणि शेव, फरसाण, चिवडा बशीत न काढता डब्यातूनच खाल्ला जातो. आमच्याकडे त्या वेळेला भाजलेले फुटाणे, एखादे फळ किंवा उरलेली उसळ असते. फरसाण घरात येते, पण पाव किलोचे, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने.

चालण्याबाबत मात्र मला डॉक्टरांच्या म्हणण्यात भर घालायची आहे. पाऊण तास चालून तुमच्या वजनाला जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होत असतील, आणि तेवढ्या मूठभर शेवेतून परत येतात, म्हणून नुसत्या चालण्याने काटा उतरत नाही हे खरे. परंतु उतरलेले टिकवताना हेच चालणे सर्वांत उपयोगी पडते. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३-१४ किलो उतरवून वर्षभरापेक्षा जास्त काळ टिकवले आहेत. त्यांतले सुमारे ९० टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात आणि तो बहुतांशी चालण्याचाच असतो. पाऊणशे टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. ही स्वतःहून नाव नोंदवलेली माणसे आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून सगळ्यांविषयी बोलता येणार नाही. तरीपण वेगवेगळ्या मार्गांनी वजन उतरवलेली माणसे टिकवताना एकसारखी वागतात, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

मी स्वतः रविवारी सकाळी, चहाच्या आधी वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. दीड-दोन किलोंपर्यंतचा चढउतार मी सोडून देतो, कारण तो पाणी, मीठ आणि आदल्या दिवशीच्या लग्नाच्या जेवणाचा असतो. दोन किलोंच्या वर सलग तीन आठवडे राहिले, तर मात्र महिनाभर रात्रीचा भात आणि गोड थांबवतो. दिवाळीनंतर हे जवळजवळ दर वर्षी करावे लागते. दिवाळीत फराळ टाळत नाही. चकली-करंजी भाऊबीजेपर्यंत संपली पाहिजे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डबे भरलेले राहता कामा नयेत, एवढेच घरात ठरलेले आहे.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरांच्या प्रतिसादात स्नायूंचा उल्लेख आला, पण ते टिकवायचे कसे, हे कोणी लिहिलेले नाही, आणि पन्नाशीनंतरच्या वजन-नियंत्रणात माझ्या मते हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांवरील १६० लठ्ठ व्यक्तींचा समावेश होता. वजन उतरवणाऱ्या गटांना आहार सारखाच होता, व्यायाम वेगळे होते. नुसता चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन ५ टक्क्यांनी घटले. वजने उचलणाऱ्यांचे २ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडाची घनताही चालणाऱ्या गटात अधिक घटली. शारीरिक क्षमता सर्वाधिक सुधारली ती दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीने हाडांचा मुद्दा विशेष लक्षात ठेवायला हवा.

त्यामुळे रंकाळ्यावरचे चालणे चालू ठेवा, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस त्यातली वीस मिनिटे काढून घरी ताकदीचे व्यायाम करा. जिम लागत नाही. हात नसलेली, घट्ट आणि न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेजवळ बसा, पाऊले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर दुमडा, आणि नाक पाऊलांच्या वर येईल इतके पुढे झुकून उभ्या राहा. बसताना धपकन बसायचे नाही. मनात तीन अंक मोजत खाली यायचे. खरा व्यायाम त्या खाली येण्यात आहे, आणि जिना उतरताना गुडघा दुखतो तोही मांडीचा पुढचा स्नायू नेमके हेच काम नीट करत नसल्यामुळे दुखत असण्याची शक्यता मोठी असते. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, म्हणजे दुखणार नाही. दहा वेळा सहज जमू लागले की उशी काढा, नंतर हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. प्रत्येक फेरीच्या अखेरीस ‘अजून दोन-तीनच जमतील’ असे वाटले पाहिजे. त्याहून सोपे वाटत असेल तर स्नायूला वाढण्याचे कारणच उरत नाही.

याखेरीज भिंतीवर हात टेकून दंड काढणे, खिडकीच्या गजाला किंवा पक्क्या खांबाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणे, आणि कठड्याला धरून टाचा वर उचलणे, एवढे पुरेसे आहे. स्वतःची प्रगती मोजण्यासाठी ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा उठता येते, ते महिन्यातून एकदा पाहा. ६० ते ६४ वयोगटातील स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर ते सरासरीपेक्षा कमी मानतात. तुम्ही अजून त्या वयोगटात नाही, तेव्हा १२ च्या वर असायला हवे.

गुडघ्याबाबत दिलासा असा, की शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये मोजले गेले आहे. साडेतीन किलोंचा फरक गुडघ्याला नक्की कळेल. गुडघा सुजत किंवा अडकत असेल, तर मात्र हे व्यायाम सुरू करण्यापूर्वी प्रत्यक्ष तपासून घ्या.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खुर्चीचा प्रयोग लगेच करून पाहिला, अकराव्या वेळेला थांबावे लागले. आहाराबद्दल एक शंका आहे. स्नायूंसाठी प्रथिने लागतात असे सगळीकडे वाचते; मी दोन्ही वेळा आमटी घेते, म्हणजे ती पुरेशी मिळत असतील असे मला वाटते. मटण-अंडी आठवड्यातून एक-दोनदाच होतात. आणि उपवासाचे काय करावे?

मूठभरमटकी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या आमटीबद्दल थोडे निराश करावे लागेल. कोल्हापूरकडच्या पातळ आमटीच्या एका वाटीत फार तर १५ ते २० ग्रॅम डाळ असते, म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमच्यासाठी ती सुमारे ५९ ग्रॅम होतात, आणि उतारवयात स्नायू राखायचे असतील तर एक ग्रॅमच्या आसपास जावे, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे लागू नाही, तिथे डॉक्टर ठरवतील तेच प्रमाण.

दोन वाट्या आमटी आणि चार पोळ्या मिळून वीस-एकवीस ग्रॅमच होतात. उरलेल्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. आमटीची वाटी एकवेळ घट्ट वरणाची किंवा उसळीची करा. ३० ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग भिजवून केलेल्या उसळीत सात ग्रॅम मिळतात. अंडे रोज एक चालत असेल तर सहा ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ, ग्लासभर दुधात सहा-सात, वाटीभर दह्यात पाच. बेसनाचा झुणका हा तर आपल्याकडचा स्वस्त आणि चांगला पदार्थ आहे. ४० ग्रॅम बेसनातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात, फक्त तेल वर सांगितल्याप्रमाणे चमच्याने. सोयाबीनच्या वड्या तुमच्या घरात चालत असतील तर ३० ग्रॅममध्ये तब्बल १५ ग्रॅम प्रथिने असतात. रश्श्यात टाकल्या तर घरातले तक्रार करत नाहीत. शेंगदाण्याच्या कुटाचा हात मात्र आखडता घ्या, कारण त्यात प्रथिनांबरोबर कॅलरीही भरपूर असतात. प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळा वाटून घेतलेली बरी.

म्हणूनच दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत सावध आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे महाराष्ट्रभर पोहोचवलेली ही पद्धत साधी आहे, पैसे लागत नाहीत, आणि मधल्या वेळचे चरणे तीत आपोआप थांबते. अनेकांना तिचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पन्नाशीनंतर अडचण अशी येते, की दोन जेवणांत साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने बसवायची तर ताट फार विचारपूर्वक वाढावे लागते, आणि प्रत्यक्षात दोन्ही जेवणे पोळी-भाताचीच होतात. मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्यांनी तर ती परस्पर सुरू करू नये.

उपवासाबद्दल आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात, ते साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू पडते. १०० ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिने जवळपास शून्य. वर तूप, दाणे आणि बटाटा. आठवड्यातून दोन दिवस असे गेले तर बाकीच्या पाच दिवसांची काटकसर त्यातच संपते. श्रद्धेला धक्का न लावता करता येईल असे पुष्कळ आहे: राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, वरईचा मोजका भात आणि दाण्याची आमटी, दही, ताक, दूध, फळे. साबुदाणा दोन्ही दिवशी न करता महिन्यातून एकदा करा, म्हणजे त्याची गोडीही राहील.

माळरान

विषयाला धरूनच विचारतो. हल्ली वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची फार चर्चा आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती घेतलेली काय वाईट?

पुनर्तपासणी

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे परिणामकारक आहेत, आणि वजनासाठीची त्यांची इंजेक्शने २०२५ पासून भारतात उपलब्ध झाली आहेत. ज्यांना लठ्ठपणाबरोबर मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांच्यापैकी अनेकांना मी स्वतः ती सुचवतो. औषध घेणे म्हणजे पळवाट काढणे, असे मला वाटत नाही. मात्र या चर्चेचा विषय टिकवणे हा आहे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. भुकेची ती वाढलेली मागणी औषध चालू असेतोवर दबलेली राहते, एवढेच. त्यामुळे उच्च रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे ते दीर्घकाळ घ्यावे लागेल, त्याचा खर्च, मळमळ, बद्धकोष्ठता यांसारखे त्रास सोसावे लागतील, याची तयारी हवी. जेवणच इतके कमी होते, की साठीच्या माणसाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत आणि चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणजे खुर्चीचे व्यायाम आणि उसळ तिथेही सुटत नाहीत. वजनाच्या क्लिनिकमधून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती मुळीच घेऊ नयेत. रंकाळाकाठ ताई, तुमची साखर आणि कमरेचा घेर सहा महिन्यांनी पाहून मग गरज वाटली तर याचा विचार करता येईल. आज मी तुम्हाला ती लिहून दिली नसती.

जाता जाता सासूबाईंविषयी, कारण त्यावर अजून कोणी काही लिहिलेले नाही. वर सांगितलेले तेल कमी करणे, भात निम्मा करणे यांतले काहीही त्यांना लागू करू नका. त्यांच्या ताटात वाढताना वरून साजूक तूप, मऊ भातात घट्ट वरण, दुधात शिजवलेली खीर, मऊ अंडे, असे थोडे-थोडे आणि अधिक वेळा द्या. ऐंशीनंतर प्रयत्न न करता घटणारे वजन बहुधा स्नायूंचे असते आणि त्यातून पडणे, हाड मोडणे, अंथरूण धरणे अशी मालिका सुरू होते. गेल्या सहा ते बारा महिन्यांत त्यांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे ५० किलोंची व्यक्ती साडेसत्तेचाळीसच्या खाली आली असेल, तर दात आणि कवळी, गिळण्याचा त्रास, मनाची उदासी, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि चालू असलेली सगळी औषधे यांची तपासणी झाली पाहिजे. तुमच्या साडेतीन किलोंना सहा महिने आहेत. त्यांना मात्र याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.